नवरदेवाची गाडी

पंजाबराव अंगणात आले तेव्हा धम्मरत्न गाडीखाली होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते.

"ड्रायवर आहे का घरी?"

"आहे. थांबा जराक." पान्याचा एक-दोनदा आवाज झाला आणि मग धम्मरत्न पाठीवर सरकत बाहेर आला. हात तेलानं काळे झाले होते. पंजाबरावांना पाहताच त्यानं खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि आत आवाज दिला, "माय, पाणी आण वं."

पंजाबराव बाभुळगावकडचे. त्यांच्या मुलाचं लग्न एकोणतीस एप्रिलला होतं. साखरपुडा झाला त्याच आठवड्यात, मागच्या पोळ्याच्याही आधी, ते इथं येऊन नवरदेवासाठी ही गाडी ठरवून गेले होते. तेव्हा मुलगाही सोबत होता. त्यानं गाडीला तीन चकरा मारल्या होत्या आणि शेवटी बॉनेटवर हलकेच तळहात ठेवला होता.

"बसा ना भाऊ."

"बसत नाही. उभ्या उभ्याच सांगतो." पंजाबरावांनी पाणी घेतलं, अर्धं पिऊन तांब्या हातातच धरून ठेवला. "ते गाडीचं राहू दे म्हणतो मी."

धम्मरत्ननं फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं.

"गाडी चांगलीच आहे तुही. मले विचारशील तर मी ह्याच गाडीत नेलं असतं पोराले. पण घरच्या बायामाणसाईनं ऐकलं. म्हणे, त्या गाडीत मयत झालं."

"एकच झालं, भाऊ. बाकीचे दवाखान्यात गेले."

"एक काय अन् दोन काय." पंजाबराव गाडीकडे न पाहता बोलत होते. "तुयावर राग नाही आपला. तू पुण्याचंच काम केलं. पण लग्न म्हणजे लग्न असते ना बावा."

"हाव."

"विसाराचं राहू दे तुयापाशीच."

"नाही. ते घेऊन जा." धम्मरत्न आत गेला, पत्र्याच्या पेटीतून पैसे आणले आणि त्यांच्या हातावर ठेवले. पंजाबराव गेल्यावर तो पुन्हा गाडीखाली शिरला. त्या उन्हाळ्यातलं ते शेवटचं लग्न होतं. आधीची सगळी अशीच एकेक करून सुटली होती. कुणी फोनवर सांगितलं, कुणी सांगितलंही नाही.

गाडी मूळची घनश्याम शेठची. राळेगावात शेठची जिनिंग होती तेव्हाची, दोन हजार पाच सालची. मोत्यासारखा पांढरा रंग, आत फिक्या बदामी कातड्याच्या सीटा, छताला उघडणारी काच, आणि पुढे सहा सिलिंडरचं इंजिन. डिकीवरचं नाव गावात कुणाला धड वाचता येत नसे. सगळे तिला 'जपानी' म्हणत. शेठनं ती नवी आणली तेव्हा धम्मरत्न तिशीचा होता, आणि पहिल्या दिवसापासून ती त्याच्याच हातात होती. शेठला कापसाच्या कामानं नागपूर, अकोला, कधी थेट मुंबईपर्यंत जावं लागे. शेठ मागे झोपत आणि धम्मरत्न चालवत राही. दहा वर्षं अशी गेली. त्यात त्याचं लग्न राहून गेलं. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली. दर वेळी ऐन पाहायच्या दिवशी शेठचा दौरा निघाला. मग धाकट्या भावाचं, राजदीपचं, करून टाकलं आणि स्वतःचा विषय त्यानं कुणाला काढू दिला नाही.

पुढे कापसाचं बिघडत गेलं. एक वर्ष भाव नाही, दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, तिसऱ्या वर्षी माल आला तर तो कवडी लागलेला, किडका. जिनिंगची यंत्रं आधी एका पाळीवर आली, मग आठवड्यातून तीन दिवस, मग दसऱ्यालाही पूजेपुरतीच सुरू झाली. दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात शेठनं फाटकाला कुलूप लावलं आणि नागपूरला मुलाकडे राहायला जायचं ठरवलं. मुलाकडे दोन गाड्या होत्या. जुनी जपानी विकायला काढली तर गिऱ्हाईक येई, पाही, पेट्रोल किती खाते ते ऐकून निघून जाई.

"धम्मा, तूच ले जा," शेठ एक दिवस म्हणाले. "कबाडवाला जे देतो म्हणतो ना, तेवढंच दे. त्याच्या अंगणात तिचे दरवाजे वेगळे झालेले मला पाहवणार नाहीत."

नोकरी गेली आणि गाडी आली, दोन्ही एकाच दिवशी. गाडी गावात शिरली तेव्हा विहारापाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. राजदीप समोरून धावत आला. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. गाडीतल्या गाडीत त्यानं सगळी बटणं दाबून पाहिली, छताची काच उघडून डोकं बाहेर काढलं आणि आईला हाक मारली. आई, इंदूबाई, पदरानं तोंड झाकून हसत होती.

"किती देते रे दादा?" राजदीपनं विचारलं.

"गावात पाच. हायवेवर आठ."

"म्हणजे हे आपल्याले खाते."

"लग्नात लावू," धम्मरत्न म्हणाला. "नवरदेवाची गाडी म्हणून."

आणि तसं झालंही. पहिल्या उन्हाळ्यात चौदा लग्नं मिळाली, दुसऱ्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. नवरदेवाच्या गाडीला धम्मरत्नच्या अटी होत्या. फुलं दोऱ्यानं बांधायची, चिकटपट्टी रंगाला लावायची नाही, बॉनेटवर कुणी बसायचं नाही. वरातीत माणूस चालतो त्या वेगानं तो ती दीड-दीड तास चालवत नेई. गावातल्या गतिरोधकांवर तिचं पोट घासू नये म्हणून एकेक चाक तिरपं चढवी. राळेगावच्या मिस्त्रीनं दोनदा सुचवलं की गॅसकिट बसव, परवडेल. धम्मरत्न म्हणाला, "तिले ते सोसणार नाही." मिस्त्री हसला. पण सस्पेन्शनच्या बुशी, पट्टे, गिअरपेटीचं तेल, असं काही ना काही निघतच राही, आणि सामान नागपूरच्या जुन्या बाजारात धुंडाळावं लागे. लग्नांत आलेलं बरंचसं तिच्यातच परत जाई. घर चाले ते राजदीपच्या मजुरीवर.

दोन हजार सतराचा पाऊस दमट होता. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. बोंडअळी आली म्हणून लोक चार दिवसांआड फवारत होते, एका औषधात दुसरं मिसळून फवारत होते. फवारणीच्या मजुरांना कधी नव्हे इतकी मागणी होती. राजदीप पाठीवर पंप घेऊन रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात जाई.

त्याच दिवसांत गाडीचे पुढचे टायर गुळगुळीत झाले होते. दिवाळीनंतरच्या लग्नांआधी बदलायला हवे होते. धम्मरत्ननं ते एकदा जेवताना सहज बोलून दाखवलं. तेवढंच. राजदीप म्हणाला, "दोन आठवडे डबल पाळी करतो ना मी. सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे."

"अंगाले काही बांधत जाय."

"उकडते लय, दादा."

त्याची बायको ममता भाकरी टाकत होती. ती भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, फारसं बोलत नसे. ती फक्त चुलीकडे पाहून म्हणाली, "डोये लाल असतेत यायचे संध्याकायी." राजदीपनं तिला हातानं गप्प केलं.

बारा दिवसांनी टायर आले. राजदीपनं स्वतः राळेगावहून आणले, ऑटोत घालून. बसवताना तो चाकाजवळ उकिडवा बसून होता आणि नव्या रबराचा वास घेत होता.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी त्याला ओकारी सुटली. आदल्या रात्रीपासून तो डोळे चोळत होता, अंग घामानं भिजत होतं, पण तापच असेल म्हणून घरच्यांनी गोळी दिली होती. सकाळी त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली आणि हातापायांचे स्नायू आपोआप उडायला लागले. राळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरनं बॅटरी लावून डोळे पाहिले, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, "यवतमाळला न्या. थांबू नका. अँब्युलन्स मघाशीच असाच एक पेशंट घेऊन गेली आहे."

धम्मरत्ननं गाडी दारापर्यंत आणली. ममता मागे बसली. राजदीपला तिच्या मांडीवर डोकं देऊन आडवं केलं. त्यांची तीन वर्षांची मुलगी मोनाली घरी आजीजवळ राहिली.

राळेगावहून यवतमाळ पंचेचाळीस किलोमीटर. बस दीड तास घेते. धम्मरत्ननं गावाबाहेर पडताच पाय खाली दाबला आणि गाडी जमिनीला चिकटल्यासारखी पुढे झेपावली. दहा वर्षं त्यानं ती चालवली होती, पण शेठला झोप लागावी अशी. नंतर वरातीत. तिच्यात खरं काय आहे ते त्यानं कधी काढून पाहिलंच नव्हतं. ट्रॅक्टर, ऑटो, बैलगाड्या समोर दिसत आणि क्षणात मागे जात. कळंब ओलांडल्यावर सरळ, मोकळा रस्ता लागला. तिथं काटा एकशे साठच्या पुढे गेला. इंजिनचा सूर एका जागी येऊन स्थिर झाला, स्टिअरिंग हातात हलकं आणि पक्कं लागत होतं, आणि त्या रस्त्यावर काही क्षण, फार तर एखादा मिनिट, धम्मरत्नला आनंद झाला. मागे भाऊ आहे हे तो विसरला नव्हता. तरीही झाला.

ती गोष्ट त्यानं पुढे कुणालाही सांगितली नाही.

छत्तीस मिनिटांत ते यवतमाळच्या दवाखान्यात पोचले. वॉर्डात तशीच माणसं होती, ओळीनं, खाटांवर, काही जमिनीवर गाद्या टाकून. औषधाच्या भरात ती बरळत, उठून पळायला पाहत, म्हणून त्यांचे हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. राजदीपचेही बांधले. तो हवेत काहीतरी पकडायला बघायचा आणि पट्टी ताणली जायची. धम्मरत्न त्याच्या मनगटाखाली रुमाल सरकवून ठेवी, म्हणजे कातडी सोलायला नको.

तिसऱ्या दिवशी पहाटे सगळं थांबलं.

तरुण डॉक्टरीणबाई तीन रात्री झोपली नव्हती. तिनं कागदावर सही केली आणि म्हणाली, "तुम्ही वेळेत आणलं होतं. तुमच्याकडून काही उशीर झाला नाही."

तिला धीर द्यायचा होता. धम्मरत्ननं मान हलवली. उशीर झाला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. निदान कुठे चुकलं ते तरी समजलं असतं.

राजदीपला जाऊन दहा दिवस झाले होते. संध्याकाळच्या सुमारास तांड्यावरची धनीबाई धावत अंगणात आली. तिच्या मागून दोघांनी तिच्या नवऱ्याला, रामलालला, खाटेवर घालून आणलं होतं. तोही फवारणीवरूनच आलेला. तिच्या तोंडून शब्द नीट निघत नव्हते. ती फक्त गाडीकडे बोट दाखवत होती.

धम्मरत्न ओट्यावर बसून होता. त्यानं आईकडे पाहिलं. इंदूबाई भिंतीला टेकून बसली होती. दहा दिवसांत ती कुणाशी बोलली नव्हती.

"जाय," ती म्हणाली.

ममता दारात येऊन उभी राहिली आणि गाडी निघायच्या आत पाठ फिरवून आत गेली.

रामलाल जगला. आठ दिवसांनी चालत घरी आला. ती बातमी आजूबाजूच्या गावांत पसरली. गाडीचंही नाव झालं. दिवाळीपर्यंत धम्मरत्ननं अकरा जणांना यवतमाळला नेलं. कुणी पेट्रोलपुरतं दिलं, कुणी नंतर ज्वारी आणून टाकली, कुणी काहीच दिलं नाही. तो मागत नसे. त्यातले सात परत आले. तिघे दवाखान्यात गेले. एक जण, तांड्यावरचाच किसनसिंग, पन्नाशीचा माणूस, कळंबच्या अलीकडे गाडीतच गेला. धम्मरत्नला समोरच्या आरशात ते दिसलं. जावई मात्र टॉवेलनं सासऱ्याला वारा घालत होता. धम्मरत्ननं त्याला काही सांगितलं नाही आणि वेगही कमी केला नाही. यवतमाळपर्यंत जावई वारा घालत राहिला.

दर वेळी त्या सरळ रस्त्यावर आलं की त्याचा पाय आपोआप खाली जाई. पहिल्या खेपेला झालेला तो आनंद पुन्हा कधी झाला नाही. पण तो झाला होता एवढं त्या जागी आठवत असे.

फवारलेल्या कपड्यांचा, ओकारीचा वास सीटांच्या शिवणीत बसला. सोडा, लिंबू, रॉकेल, दुकानातला शाम्पू, सगळं करून झालं. सीटा काढून उन्हात ठेवल्या. वास तात्पुरता जाई आणि एसी लावला की जाळीतून परत येई. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली तेव्हा लोकांनी आधी वासाचं कारण सांगितलं. मग खरं कारण सांगायला लागले.

पंजाबराव येऊन गेले त्याला महिना झाला असेल. मे संपत आला होता. धम्मरत्न आता राळेगावातल्या एका खडीच्या ट्रकवर बदली ड्रायवर म्हणून जाई. गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी असे. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना ती हिसका देऊ लागली होती. पेटी उघडायची तर नागपूरला न्यावी लागणार होती, आणि ते आता होणार नाही हे त्याला कळत होतं.

एका दुपारी ममताचे वडील आले. त्यांनी केळापूरकडचं एक स्थळ आणलं होतं. माणूस बिजवर, एसटीच्या डेपोत कामाला. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. मूल नव्हतं. मोनालीला सांभाळायला तो तयार होता.

"पोरगी चोवीसची आहे, बाई," ते इंदूबाईला म्हणाले. "अख्खं आयुष्य काढायचं आहे तिले. तुमी नाही म्हणसान तर मी वापस जातो."

"मी कायले नाही म्हणू," इंदूबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "लेकरू पण जाईन?"

"माय जाईन तिथं लेकरू जाईन."

"हाव. तसंच पायजे."

तारीख जूनच्या पहिल्या रविवारची ठरली. केळापूरच्या विहारात सकाळी अकराला, दोन्हीकडची मिळून तीस माणसं. ममताचे वडील तयारीसाठी आदल्या दिवशीच तिकडे जाणार होते. मुलीला आणायला त्यांनी एक जीप सांगून ठेवली होती.

शनिवारी संध्याकाळी धम्मरत्न अंगणात हातपाय धूत होता. ममता टॉवेल घेऊन आली. एरवी ती तो दोरीवर टाकून जाई. आज थांबली.

"भाऊजी."

त्यानं मान वर केली.

"जीप नको म्हणून सांगून द्या बाबाले. मी तुमच्या गाडीत जाईन."

धम्मरत्ननं हातातला तांब्या खाली ठेवला. "ते लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या."

"वास येते त्या गाडीत. तुले..."

"मले माहीत आहे कायचा येते तो," ममता म्हणाली. तिनं टॉवेल त्याच्या हातात दिला आणि ती आत गेली.

रात्रीच त्यानं गाडी धुतली. सकाळी सातला ममता निघाली. फिकट निळी साडी, हातात एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी. इंदूबाईनं नातीच्या केसांना तेल लावून दोन शेंड्या घातल्या होत्या. सासू-सून एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. ममता पाया पडली, इंदूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर उचललाच नाही. मोनाली गाडीतून आजीला हात हलवत होती. तिला वाटत होतं, संध्याकाळी परत यायचं आहे.

ममता मागे बसली, डाव्या बाजूला, त्या दिवशी बसली होती तिथंच.

मोनाली आईच्या मांडीवर झोपून गेली. वडकीला हायवे लागला. चार पदरी, मोकळा. धम्मरत्नचा पाय खाली जायला लागला, गाडीनं एक हिसका दिला.

"हळू चालवा, भाऊजी," मागून आवाज आला. "आज कायची घाई नाही."

त्यानं पाय काढला. गाडी पन्नासवर आली. मागून येणारे ट्रक हॉर्न देत, वळसा घालून पुढे जाऊ लागले.

"एक गोष्ट सांगायची होती तुमाले," ममता म्हणाली. ती खिडकीबाहेर पाहत होती. "त्या दिवशीची. कोणालेच नाही सांगितली. आईलेही नाही."

"सांग."

"कळंब गेलं अन् मोनालीचे बाबा म्हणाले, अंधार काहून झाला. सकायचे दहा वाजले होते. ऊन होतं चांगलं. त्याइले दिसेनासं झालं होतं. मले म्हणे, रात्र झाली का? आपण अजून पोचलो नाही का? लय घाबरले होते. माहा हात आवळून धरला. मग मी म्हणलं, रात्र नाही झाली. गाडीच्या काचा काळ्या आहेत, म्हणून अंधार वाटते."

गाडीच्या काचा साध्याच होत्या. धम्मरत्न समोर पाहत राहिला.

"मग?"

"मग म्हणाले, हाव, भारी गाडी आहे ना आपली. अन् शांत झाले. हात सैल सोडला. त्याच्यापुढे काही बोलले नाहीत." ममतानं मोनालीच्या कपाळावरचे केस बाजूला केले. "मी खोटं बोलली त्याइच्याशी. शेवटचंच बोलणं होतं, अन् ते खोटं बोलली."

धम्मरत्ननं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच होतं. त्याला पुढचं नीट दिसत नव्हतं. त्या मिनिटाला, कळंबच्या पुढे, त्याच सरळ रस्त्यावर, आपण काय करत होतो, आपल्याला काय वाटत होतं, ते आता सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. आरशात त्याला ममताचा चेहरा दिसला. आजच्या दिवशी तिच्या पदरात ते टाकणं त्याला जमलं नाही.

"तू बरोबर केलं, पोरी," तो म्हणाला.

मग त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

विहारात वेळेवर सगळं झालं. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हणवून घेतलं, हार घातले गेले. नवरदेव सदतीस-अडतीसचा, किंचित टक्कल पडलेला, बोलायला मऊ होता. त्यानं मोनालीसाठी एक फ्रॉक आणला होता, पण तो दोन वर्षं मोठ्या मुलीच्या मापाचा होता. जेवणानंतर तो धम्मरत्नला सोडायला बाहेर आला आणि गाडीपाशी काही बोलायला हवं म्हणून म्हणाला, "किती देते भाऊ हे?"

"गावात पाच. हायवेवर आठ," धम्मरत्न म्हणाला.

"बापा," तो माणूस म्हणाला.

मोनाली नव्या घरातल्या मुलांबरोबर मांडवात खेळत होती. तिला हाक मारू नये असं ममतानं दुरूनच खुणेनं सांगितलं. धम्मरत्न गाडीत बसला आणि निघाला.

परतताना दुपारचं ऊन तापलेलं होतं. पाऊस अजून आला नव्हता. शेतं नांगरून पडली होती आणि काही ठिकाणी लोक पुन्हा कापसाच्याच बियाण्याच्या पिशव्या डोक्यावर घेऊन चालले होते. राळेगावच्या पंपापाशी त्यानं वेग कमी केला, खिसा चाचपला आणि न थांबता तसाच पुढे गेला. गावाच्या वळणावर पेट्रोलचा पिवळा दिवा लागला.

इंदूबाई ओट्यावर बसून होती. सकाळी होती तिथंच.

"पोचली का?"

"पोचली."

"माणूस कसा आहे?"

"चांगला आहे."

"लेकरू रडलं?"

"नाही. खेळून राह्यली होती."

इंदूबाई उठली. तिनं पदर कमरेला खोचला आणि ती गाडीपाशी आली. मागच्या दाराची कडी तिला उघडता येईना. धम्मरत्ननं पुढे होऊन दार उघडलं. ती वाकून आत बघत होती.

"त्याचं डोकं कोणीकडे होतं?"

त्यानं डावी बाजू दाखवली.

इंदूबाई आत चढली. एवढ्या वर्षांत ती या गाडीत कधी बसली नव्हती, कुठं जायचं कामच पडलं नव्हतं. ती आधी नुसती बसली. मग तिनं चपला काढून खाली ठेवल्या, पाय वर घेतले आणि डाव्या बाजूला डोकं करून सीटवर आडवी झाली. साठीच्या त्या बाईचं अंग तेवढ्या जागेत सहज मावलं.

"माय, आत लय तपलं आहे. वासही येते."

"येऊ दे," ती म्हणाली. "दार लाव."

धम्मरत्ननं दार लावलं. पुढं जाऊन त्यानं किल्ली फिरवली, एसी सगळ्यात थंडवर केला आणि पुढचंही दार लावून बाहेर आला. पिवळा दिवा चालूच होता. तो पत्र्याच्या खांबाला पाठ लावून खाली बसला. काचेतून आईचे फक्त तळपाय दिसत होते, भेगा पडलेले, एकावर एक ठेवलेले. गाडी चालू होती. पेट्रोल किती वेळ पुरेल याचा हिशेब त्यानं केला नाही.